इश्श म्हणजे मी

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी होतं. कुणाला साखर होते, कुणाला अध्यात्म होतं. आमच्या शाखेतले हेड कॅशिअर याच वयात एकाएकी पहाटे पाचला पर्वती चढायला लागले आणि आता भेटेल त्याला पर्वतीचे फायदे सांगतात. माझे एक साडू हार्मोनियम शिकायला लागले. तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडे फक्त दुपारी जातो, कारण दुपारी त्यांच्या सोसायटीत वाद्यांना बंदी आहे. मला जर्मन झालं.

'झालं' असंच म्हटलं पाहिजे. 'शिकलो' असं म्हणायची छाती अजून होत नाही.

तुम्ही म्हणाल, पुण्यात राहून जर्मन शिकण्यात विशेष ते काय? खरं आहे. पुण्यात मूल आठवीत गेलं की संस्कृत घ्यायचं की जर्मन, यावर घरोघरी जी चर्चा होते, ती पुढे त्याच्या लग्नाच्या वेळीही होत नाही. पण आमच्या शाळेत 'संस्कृत की हिंदी' एवढाच प्रश्न होता आणि मी हिंदी घेतलं, कारण त्याचे सिनेमे असत. पुढे बी.कॉम. झालो. त्या अभ्यासक्रमात भाषेचा संबंध 'आपले दिनांक अमुकचे पत्र पावले' एवढ्यापुरताच येतो. त्यानंतरची पंचवीस वर्षं मी 'पुढच्या काउंटरवर जा' या एकाच वाक्यावर काढली आहेत. अशा माणसानं विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, जर्मनच्या प्राथमिक वर्गात नाव घालणं म्हणजे पोहायला येत नसलेल्यानं भर पावसाळ्यात मुठेत उडी टाकण्यासारखंच होतं.

बँकेत बातमी फुटली तेव्हा साहेबांनी विचारलं, "आपली शाखा निघतेय का तिकडे?" युनियनच्या सेक्रेटरीनं विचारलं, "याला इन्क्रिमेंट आहे का?" नाही म्हटल्यावर तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिला, त्या नजरेनं आम्ही एरवी खोट्या नोटेकडे बघतो. मी सगळ्यांना सांगून टाकलं की, उतारवयात मेंदूला व्यायाम हवा. हे कारण खोटं होतं. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा. ते पुढे येईल.

प्रवेशाच्या रांगेत माझ्या पुढे कानात दोन डूल घातलेला एक तरुण होता. त्यानं मला मोठ्या आदरानं पुढे जायला जागा दिली आणि विचारलं, "काका, मुलासाठी का?" मी म्हटलं, "नाही, माझ्यासाठीच." त्यावर त्यानं दिलेली जागा परत घेतली.

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि त्याचा उच्चार करून दाखवला. तो उच्चार होता 'इश'. इश म्हणजे मी. बाई म्हणाल्या, एकेकानं उभं राहून आपली ओळख करून द्या. आता विचार करा. डोक्यावर चंद्र उगवलेला, चष्मेवाला, राष्ट्रीयीकृत बँकेतला एक जबाबदार कारकून तीस तरुण पोरापोरींसमोर उभा राहतो आणि मान खाली घालून म्हणतो, "इश्श..."

पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. मला हे फार अवघड गेलं. आमच्या आज्या-पणज्या आयुष्यभर जे म्हणत आल्या, ते बिस्मार्क, बेथोव्हेन आणि आइन्स्टाइन हे तिघंही मिशीवरून हात फिरवत दिवसातून शंभरदा म्हणत असले पाहिजेत, ही कल्पनाच मनात ठरेना. (बेथोव्हेनला मिशी नव्हती, हे मला माहीत आहे. कन्येनं हस्तलिखित वाचून समासात तसं लिहून ठेवलं आहे.)

त्यानंतर बाईंनी विचारलं, आपण काय करता? मी शब्दाला शब्द जुळवून सांगितलं, "इश बिन बांक." बाई अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "याचा अर्थ, मी बँक आहे. किंवा, मी बाकडं आहे." जर्मनमध्ये बँकेला आणि बाकाला एकच शब्द. अनेकवचनं वेगळी आहेत, पण एकवचनात दोघांचं एकच नाव आणि लिंगही एकच. मूळ म्हणे एकच. इटलीतले जुने सावकार बाकावर पैसे मांडून बसत, त्यावरून बँक. मी पंचवीस वर्षं बाकावर बसतो आहे ही गोष्ट खरीच होती. मी काही दुरुस्ती केली नाही.

आकडे आले तेव्हा मात्र मी वर्गावर सूड उगवला.

जर्मन माणूस एकवीसला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतो. म्हणजे एक आणि वीस. सत्तावन्नला म्हणतो 'झीबन-उंड-फ्युन्फ्त्सिश', सात आणि पन्नास. आधी एकक, मग दशक. वर्गातली मुलं होती इंग्रजी शाळेतली. त्यांची डोकी 'फिफ्टी सेव्हन' अशी घडवलेली. बाई सत्तावन्न म्हणाल्या की ही मुलं पंच्याहत्तर लिहीत. मग खोडत, डोकं खाजवत. मी आपला शांतपणे सत्तावन्न लिहीत होतो. कारण सत्तावन्न म्हणजे तरी काय? सत्ता आणि वन्न. आपण आधी सात म्हणतो, मग पन्नास. लहानपणी आजोबांनी उजळणी चुकली की पाठीत धपाटा घालून जे शिकवलं, ते चाळीस वर्षांनी जर्मन म्हणून उपयोगी पडलं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं म्हणून दाखवलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय ना? बाईंनी सांगितलं की 'वीस एक' म्हणायची मुभा द्या, असं म्हणणारी एक संस्था जर्मनीतही आहे. ते ऐकून मला जर्मन माणूस अगदी सदाशिव पेठेतला वाटायला लागला.

मुलांना मी बँकेतली एक युक्तीही शिकवली. संध्याकाळी हिशेब जुळला नाही आणि फरकाला नऊनं भाग गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याचा संशय घ्यावा. पंच्याहत्तर उणे सत्तावन्न अठरा. चोपन्न आणि पंचेचाळीसमध्ये नऊ. त्या दिवशी डूलवाल्यानं मला मधल्या सुट्टीत चहा पाजला आणि 'काका'चं 'सर' झालं. आठ दिवसांनी लिंगप्रकरण सुरू झालं आणि मी पुन्हा 'काका' झालो.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. हे ऐकून इंग्रजी शाळेतली मुलं हवालदिल झाली, मी खूश झालो. तो, ती, ते यात आपलं आयुष्य गेलेलं. पण माझा आनंद फार काळ टिकला नाही. तीन खुंट्या दोन्ही घरांत आहेत, पण कुठला कपडा कुठल्या खुंटीला टांगायचा, यावर दोन्ही घरांचं मुळीच पटत नाही. चमचा तिकडेही 'तो' आहे. पण काटा 'ती' आहे आणि सुरी 'ते' आहे. एका ताटाभोवती तिन्ही लिंगं. सूर्य 'ती' आहे! चंद्र 'तो' आहे. आपल्या कल्पनेतला तो सात घोड्यांच्या रथात बसणारा तेजस्वी पुरुष तिकडे बाई आहे. तिकडे ऊन कोवळंच पडतं म्हणतात, त्याचं कारण हेच असावं. दूध 'ती', कॉफी 'तो'. चहा मात्र दोन्हीकडे 'तो'च. माणसानं चहाच्या आधारानं जगावं, असं मी म्हणतो ते उगीच नाही.

मुलगी 'ते' आहे. या एका गोष्टीवर सगळं जग जर्मनला हसतं. मार्क ट्वेननं १८८० साली या भाषेवर एक सबंध वैतागलेख लिहिला, त्यातही हे दुखणं आहे. बाईंनी खुलासा केला की त्या शब्दाच्या शेवटी लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द 'ते' होतो. वर्ग हसत होता. मला हसू आलं नाही. आपणही 'पोरगं' म्हणतोच की. लेकरू, कोकरू, पाखरू, सगळी 'ते'च. आमची कन्या इंजिनिअर झाली, बावीस वर्षांची झाली, तरी ती रात्री उशिरा आली नाही की ही दारात उभी राहून म्हणते, "अजून आलं नाही पोरगं!" व्याकरण दोन्हीकडे सारखंच आहे.

विभक्तीबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण मला ती थोडक्यातच आली. आपल्या आठ, त्यांच्या चार: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. निम्म्यात सुटलो असं वाटलं. पण मराठीत द्वितीयेला 'स, ला, ते' आणि चतुर्थीलाही 'स, ला, ते', त्यामुळे सबंध शालेय जीवनात या दोघींमधला फरक ओळखायची वेळच माझ्यावर आली नव्हती. दोघी जुळ्या बहिणींसारख्या. हाक मारली की कुणीतरी ओ देई. जर्मनांनी या बहिणींना वेगवेगळे कपडे घातले आहेत. काही शब्द आले की पुढे चतुर्थी हवीच. ते शब्द म्हणजे आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू. मी ते आंघोळीच्या वेळी चालीवर म्हणत असे. चाल आपोआपच रामरक्षेची लागली. एक दिवस शेजारच्या काकू हिला म्हणाल्या, "तुमचे हे अलीकडे कुठलं हो स्तोत्र म्हणतात? उच्चार फार स्पष्ट आहेत." जर्मन पंडित माक्स म्युलर यांनी ऋग्वेदाचे सहा खंड छापले आणि आपल्या लोकांनी त्यांना 'मोक्षमूलर' करून टाकलं. आमच्या मजल्यावर मला जवळपास तोच मान मिळाला. मोक्षमूलर जन्मात कधी भारतात आले नाहीत, मी कधी जर्मनीला गेलो नाही. साम्य इथं संपतं.

आता ते खरं कारण.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांचा मुलगा बरीच वर्षं स्टुटगार्टला आहे, सून तिकडचीच. गेल्या नाताळात सहा वर्षांचा नातू पहिल्यांदा आला. आजींनी महिनाभर आधी अनारशाचं पीठ भिजवलं होतं. मी काही कामानं डोकावलो तेव्हा आजी नातवाच्या पुढ्यात बसून म्हणत होत्या, "भूक लागली का रे बाळा?" पोरानं त्यांच्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. बापानं भाषांतर केलं. पोरानं उत्तर दिलं. बापानं पुन्हा भाषांतर केलं, "नाही म्हणतोय." तेवढ्यात बापाचा फोन वाजला आणि तो बाल्कनीत गेला. आजी आणि नातू समोरासमोर बसून राहिले. आजी हसल्या, नातू हसला. आजी पुन्हा हसल्या. मग करण्यासारखं काही उरलं नाही. अनारसा पुढे करून झाला होता.

आमच्या कन्येचं त्याच आठवड्यात जर्मनीतल्या विद्यापीठांकडे अर्ज करणं चाललं होतं. मी जिना चढून वर आलो तो विचार करतच. हे म्हणजे 'बाजारात तुरी' झालं, हे मला कळत होतं. मुलीचं लग्न नाही, लग्नाचा विषय नाही, विषय काढला तर ती जेवण सोडून उठते. आणि मी नातवाशी काय बोलायचं याची तयारी करायला निघालेलो! पण 'भूक लागली का' हे तरी आपल्याला विचारता आलं पाहिजे, दुभाष्याशिवाय, एवढंच डोक्यात बसलं. जूनमध्ये जाऊन फॉर्म भरला.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. लेखी परीक्षेत मी नेहमीसारखा घाम गाळला. तोंडी परीक्षा रविवारी होती. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, 'हाल्प नॉइन'. हाल्प म्हणजे अर्धा, नॉइन म्हणजे नऊ. साडेनऊ. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून नऊ वीसलाच हजर झालो आणि दहा मिनिटं लवकर आल्याबद्दल स्वतःवर खूश होऊन जिना चढलो. वर्ग रिकामा होता. बाई कागद पिशवीत भरत होत्या.

"अहो, साडेआठला होती!"

हाल्प नॉइन म्हणजे नवाकडे जाताना अर्ध्यावर. साडेआठ. मी म्हटलं, ही काय रीत झाली? बाई खाली बसल्या. त्यांचं संस्कृतही झालं होतं. म्हणाल्या, "अडीच कशाला म्हणता?" मी म्हटलं, "दोन आणि अर्धा." "मग 'अडीच' शब्दात दोन कुठं आहे? तो 'अर्धतृतीय' वरून आला. तिसरा अर्धा. हाल्प द्राय म्हणजे अडीच, तुमचंच आहे ते." बँकेत पंचवीस वर्षं मी अडीच टक्के, अडीच हजार, अडीच लाख लिहीत आलो, आणि त्या शब्दाच्या पोटात तीन दडलेला आहे याचा मला पत्ता नव्हता. ऑडिटमध्येही कधी निघालं नाही.

बाईंना दया आली. त्यांनी कागद पुन्हा बाहेर काढले. नाव, गाव झालं. मग त्यांनी विचारलं, मुलं आहेत का? मी म्हटलं, एक मुलगी आहे. ती काय करते?

आता इथं जर्मनचा एक सापळा आहे. 'झी' म्हणजे ती. 'झी' म्हणजे ते लोक. आणि 'झी' म्हणजेच आदरार्थी तुम्ही. 'ती' आहे की नाही, हे फक्त क्रियापदावरून कळतं. मला म्हणायचं होतं, ती जर्मनीला जाणार आहे. घाईत क्रियापद आदरार्थी लागलं आणि मी म्हटलं, "तुम्ही जर्मनीला जाता."

बाई दचकून म्हणाल्या, "इश?"

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मला योग्य तोंडी ऐकू आला. मी दुरुस्ती केली. तुम्ही नाही, ती. बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, "उंड झी?" म्हणजे 'आणि तुम्ही?' मी क्षणभर थांबलो. मग म्हटलं, "इश ब्लायबऽ हीर." मी इथंच राहतो. बाईंनी पेन टेकवलं. संपूर्ण परीक्षेत तेवढं एकच वाक्य बिनचूक होतं. मला बावन्न मार्क पडले. बाईंनी ते जर्मनमध्ये सांगितले आणि मी पंचवीस समजून घाबरलो नाही.

मग सगळं भराभर झालं. प्रवेशपत्र आलं. तिकडे विद्यार्थ्यानं आधी एक 'श्पेरकोन्टो' उघडावं लागतं. श्पेर म्हणजे अडवलेलं, कोन्टो म्हणजे खातं. वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि महिन्याला ९९२ प्रमाणे काढायचे. मी बारानं गुणून पाहिलं. बरोबर होतं. पोरांच्या हातात एकदम पैसा द्यायचा नाही, ही आमच्या वडिलांची पद्धत तिथं सरकारनं कायद्यात बसवली आहे, हे पाहून बरं वाटलं. शैक्षणिक कर्ज काढलं, सहकर्जदार म्हणून सही केली. जर्मनमध्ये 'शुल्ट' म्हणजे अपराध. त्याचंच अनेकवचन केलं की कर्ज. कर्जखात्यावर काम करणाऱ्या माणसाला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

सप्टेंबरात तिला सोडायला आम्ही रात्री मुंबईला गेलो. विमानतळाच्या दाराशी ती म्हणाली, "बाबा, काहीतरी जर्मन बोला की!"

मी तयारी केली होती. 'मला फोन कर'. जर्मनमधली काही क्रियापदं अशी की वाक्यात आली की त्यांचे दोन तुकडे होतात. धड मध्ये राहतं, शेपूट वाक्याच्या अगदी शेवटी जातं. 'आनरूफन' म्हणजे फोन करणं. त्यातलं 'आन' तुटून शेवटी जातं. शेपूट विसरलं तर फोनच जातो, नुसती हाक मारणं उरतं. मी म्हटलं, "रूफ मिश..." आणि तेवढ्यात दारावरचा जवान म्हणाला, "चलिए, चलिए, आगे बढ़िए!" मागून कुणाची तरी ढकलगाडी आली, कन्येचा पासपोर्ट बघून झाला, ती आत गेली, काचेमागून हात हलवला आणि दिसेनाशी झाली. 'आन' माझ्या तोंडातच राहिलं.

सामान गेलं, सगळं ठीक आहे, असा तिचा फोन आल्यावर आम्ही परत निघालो. ही काही बोलत नव्हती. मीही नाही. पनवेल मागे गेलं. खालापूरच्या आसपास कधीतरी माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "आन!"

"काय आणू?" ही खडबडून म्हणाली.

ड्रायव्हर बिचारा सज्जन. त्याला वाटलं, साहेब त्यालाच सांगताहेत. त्यानं फूड मॉलला गाडी वळवली, "आणतो साहेब," म्हणाला आणि तीन चहा घेऊन आला. गरम होता, गोड जास्त होता. हिनं कप दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "सुटलं असेल का हो विमान?"

मी घड्याळ बघितलं. हाल्प द्राय.

"अडीचचं होतं," मी म्हटलं, "आत्ताच सुटत असेल."